आखूड गालिचा

माझ्या शाळेच्या वाटेत एक गालिचा आडवा आला होता, आणि त्याचा ताणा मी स्वतः धावत धावत घातला होता. हसायचं तर हसा. मीही आता हसते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र मला हसू येत नव्हतं.

आमचं गाव सिरवा डोंगराच्या अंगाखांद्यावर आहे. मातीची घरं, अक्रोडाची झाडं, खाली नदी. गावातली शाळा सहावीला संपते. पुढची शाळा नदीपलीकडे, जिथे रविवारचा बाजार भरतो त्या गावात. मुलगे जातात. चौघं मिळून खोली घेतात, करपलेली भाकरी खातात आणि सुट्टीत घरी येऊन मोठ्या माणसांसारखे खाकरतात. मुलीला खोली कोण देणार, आणि दिली तर गावाची तोंडं कोण धरणार? म्हणून सहावी झाली की आमच्याकडे मुली मागावर बसतात. मी सहावीत पहिली आले होते, तरी माझ्यापुढे मागच होता.

पण त्या वर्षी गुरुजी सुट्टीला जाता जाता सांगून गेले की बाजारगावात दोन वर्षांमागे मुलींसाठी वसतिगृह झालंय आणि यंदा आमच्या गावालाही एक जागा आहे. जेवण, झोपणं, अभ्यास सगळं तिथेच. माझं नाव त्यांनी देऊन ठेवलं होतं. सप्टेंबरातल्या ठरलेल्या सोमवारी मुलीनं स्वतः हजर व्हायचं. नाही आली तर जागा दुसरीला.

मी उड्या मारतच बाबांकडे गेले. माझ्या बाबांना कुठल्याही अवघड प्रश्नाचं एकच उत्तर येतं: आईला विचार. मेंढी विकायची का, आईला विचार. भिंत पडायला आलीय का, आईला विचार. मी आईला विचारलं. ती चुलीपुढे भाकरी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

आता ज्यांना आई आहे त्यांना 'बघू'चा अर्थ सांगायला नको. पण मी तेव्हा इतकी आनंदात होते की 'बघू' मला 'हो'सारखंच ऐकू आलं.

मग आईनं नवा गालिचा विणायला काढला. आमच्याकडे ताणा, म्हणजे गालिच्याचे उभे दोरे, घालणं हा छोटा सणच असतो. अंगणात दोन लोखंडी खुंटे ठोकायचे, दोन्हीपाशी एकेक बाई बसते, आणि तिसरी लोकरीचा गुंडा घेऊन या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत जात-येत राहते. ताटात खजूर आणि साखर ठेवलेली असते, शेजारणी येऊन बसतात, पुरुषांना तिकडे फिरकू देत नाहीत. गुंडा नेहमी तूदा आत्या नेते. तूदा आत्या बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते, आणि तिची जीभ लोकर कापायच्या कातरीपेक्षा धारदार आहे. त्या दिवशी मात्र आईनं गुंडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

मला वाटलं, आई मला मान देतेय. मी मोठी झाले. मी अशी धावले, अशी धावले की शेजारणी म्हणाल्या, हिला बकरीच्या दुधावर वाढवलंय की काय. आईनं दुसरा खुंटा पार अंजिराच्या झाडापाशी ठोकला होता. तूदा आत्यानं ते अंतर एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईला म्हणाली, "रुकय्या, काय मशिदीत अंथरायचाय का गं?"

आई म्हणाली की लोकर भरपूर आहे.

मी धावतच होते.

संध्याकाळी बायका साखर चघळत घरोघरी गेल्या, ताणा मागावर चढला, आणि आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुला कळलं का तू काय केलंस ते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तसं ते मला माहीत होतं, गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. माग आमच्याकडे घरातला जीव असतो. ताणा चढला की तो जन्मतो, गालिचा कापून उतरवला की तो जातो. आणि गुंडा नेणारी त्याला बांधलेली असते. गालिचा पुरा होऊन कापला जाईपर्यंत तिनं नदीपलीकडे रात्र काढायची नाही. काढली तर घरातल्या मेंढ्यांचं दूध आटतं म्हणतात. दिवसा जाऊन ये, पण रात्र घरीच. तूदा आत्याला काय, ती कुठेच जात नाही, म्हणून ती नेहमी गुंडा नेते. आणि मी मूर्ख, सोमवारची स्वप्नं बघत बघत, अंजिराच्या झाडापर्यंत धावून स्वतःला वसंतापर्यंत बांधून घेतलं होतं.

आईनं नाही म्हटलंच नव्हतं. तिनं फक्त गालिचा लांब ताणला होता.

मी ठरवलं, ठीक आहे, विणून संपवू. मी इतकी हट्टी आहे की बाबा म्हणतात, हिच्याशी गाढवानंही वाद घालू नये. सकाळी भाकरी आणि सातूची पेज घशाखाली ढकलली की मी मागावर. आई एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये लोकरीचे रंग. गाठ मार, काप, गाठ मार, काप, मग फणीनं ठोकून घट्ट बसव. माझी बोटं सोलवटली. आणि रोज उठून बघावं तर गालिचा तेवढाच दिसायचा. ताण्याचे दोरे वर छतापर्यंत पांढरेच्या पांढरे, जणू मला वेडावून दाखवताहेत.

एके दिवशी आईनं माझ्या बाजूला हात फिरवला आणि माझ्या दोन ओळी उसवल्या. गाठी सैल होत्या, ती म्हणाली. सैल होत्या हे खरंच होतं. मी घाईत होते. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन ओळी म्हणजे शाळेचे दोन दिवस होते आणि आईनं ते सुरीच्या टोकानं उपटून काढले होते. मी फणी खाली आपटली. मी पुष्कळ बोलले. की मला सगळं कळलंय, खुंटा अंजिरापाशी का गेला तेही कळलंय. आणि शेवटी म्हणाले, "तू शाळेत गेली नाहीस, म्हणून तुला मीही गेलेली बघवत नाही."

आईनं उसवलेली लोकर मुठीत गोळा केली, टोपलीत टाकली, विळा घेतला आणि गवताला निघून गेली.

तूदा आत्या दारात डाळ निवडत बसली होती. मला वाटलं आता ही मला फोडून काढणार. पण ती नुसती म्हणाली, इकडे बस. आणि खालच्या आवाजात, डाळीतले खडे काढता काढता तिनं सांगितलं ते असं.

आई लहान होती, माझ्याहूनही लहान, तेव्हा तिच्या गावात एक बाई आली. रेशमी रुमाल बांधलेली, गोड बोलणारी, कासाब्लांकाहून, म्हणजे मोठ्या शहरातून. म्हणाली, एका चांगल्या घरी मुलगी हवीय, बरोबरीची खेळायला. तिला शाळेत घालतील, मुलीसारखी ठेवतील. आईचे वडील मुलींना शिकवावं म्हणणारे होते, त्या काळात, त्या डोंगरात. त्यांना वाटलं दैव दार ठोठावतंय. आईच्या आईनं पिठाच्या पोत्याचं दप्तर शिवून दिलं. ते गळ्यात अडकवून आई मोटारीत बसली आणि म्हणे इतकी हसत होती की बायका म्हणाल्या, नवरीसुद्धा अशी हसत जात नाही.

"मग? शाळा?" मी विचारलं.

"शाळा कसली. पहिल्याच दिवशी त्या दप्तरात कांदे भरून ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं," आत्या म्हणाली. "चार हिवाळे भांडी घासली तुझ्या आईनं. ब्लीचच्या पाण्यात हात घालून घालून तळव्यांना चिरा पडल्या होत्या. परत आली तेव्हा भाकरी थापताना पिठात रक्त लागायचं. लग्नात मेंदी लावायची तर मेंदीवालीच रडली."

मी आईचे तळहात रोज बघत होते. त्यांवर बारीक पांढऱ्या रेघा आहेत. मला वाटायचं सगळ्या आयांचे असेच असतात.

आत्या पुढे म्हणाली, "आता तूच सांग. कुणीतरी येऊन सांगतं, मुलीला शहरात धाडा, शाळा आहे, जेवण आहे, झोपायला खाट आहे. तुझ्या आईनं हे ऐकलेलं आहे बाई. शब्दन् शब्द ऐकलेला आहे."

मी उठले आणि पुन्हा मागावर जाऊन बसले. सैल नाही, चांगल्या घट्ट गाठी मारल्या, सावकाश. आई गवताचा भारा घेऊन आली, तिनं ते पाहिलं आणि हात धुऊन माझ्या शेजारी बसली. माफी कशी मागायची ते मला येत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नाही. मी म्हटलं, रविवारी बाबा बाजाराला जातील तेव्हा आपण दोघीही जाऊ, आणि ते वसतिगृह तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ. "तुला तिथे एक गोष्ट जरी आवडली नाही ना," मी म्हणाले, "तर मी पुन्हा सोमवारचं नाव काढणार नाही. या मागावरून उठणार नाही."

आई कितीतरी गाठी मारून झाल्यावर म्हणाली, "दिवसाउजेडी परत यायचं."

रविवारी आम्ही व्हॅनमध्ये बसलो. टपावर मेंढ्या, आत आम्ही बायका, बाबा ड्रायव्हरशेजारी. आईनं लग्नातली भरतकामाची शाल घेतली होती. बाबांनी आम्हाला फाटकापाशी सोडलं आणि अक्रोड विकायला गेले. जाताना मला डोळ्यानं खुणावून गेले, बोलायचं काम आईला करू दे. मला मनात हसू आलं. आईला बोलायला कसं येणार? तिथल्या बाई शहरातल्या, त्यांना फक्त अरबी येणार, आणि आईला आमच्या तशल्हीत बोलीशिवाय दुसरी भाषा येत नाही. बाजारातसुद्धा ती अरबी व्यापाऱ्यांसमोर बाबांना पुढे करते. तेव्हा बोलायचं काम माझंच होतं, आणि माझी अरबी म्हणजे पुस्तकातली: 'सूर्य उगवला. शेतकरी शेतात गेला.'

वसतिगृहाच्या बाईंचं नाव लाल्ला बाहिजा. चष्मा साखळीला अडकवलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी आमचं स्वागत केलं, चहा मागवला, आणि भराभर बोलू लागल्या. मी घामाघूम. निम्मं कळत होतं, निम्मं मी मनानं जोडत होते. त्या म्हणाल्या असाव्यात की मुली पहाटे उठून पाठांतर करतात. मी आईला सांगितलं, मुली पहाटे उठून नमाज पढतात. त्या काहीतरी गरम पाण्याबद्दल बोलल्या. मी म्हटलं, इथे झरा आहे. आई मान डोलवत होती, डोळे चहाच्या पेल्यात. मला वाटलं, सगळं छान चाललंय.

मग बाईंनी घर दाखवायला नेलं. खाटा पाहिल्या, ओळीनं, चौकटीच्या घोंगड्या घातलेल्या. अभ्यासाची खोली पाहिली. तिथे सुट्टीतून आधीच परत आलेल्या काही जुन्या मुली रविवारच्याही पुस्तकं उघडून बसल्या होत्या. आणि मग स्वयंपाकघर.

स्वयंपाकघरात मोरीपाशी माझ्याहून थोडी मोठी एक मुलगी उभी होती. बाह्या वर केलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात, शेजारी ताटांची चळत तिच्या खांद्याएवढी.

आई दारातच थांबली. मी तिच्या अगदी शेजारी होते, म्हणून मला कळलं की तिचा श्वासही थांबलाय. मी मनात म्हटलं, संपलं. सोमवार संपला. त्या मुलीला हजार दिवसांतून आजच, आत्ताच भांडी घासायची होती.

आणि मग आई बोलली. लाल्ला बाहिजांकडे वळून, मान ताठ करून, अरबीत. पुस्तकातल्या नाही, टीव्हीवरच्या मालिकांत बोलतात तशा, कासाब्लांकाच्या खणखणीत अरबीत.

"ही मुलगी कोण आहे, आणि ही भांडी कुणाची आहेत?"

लाल्ला बाहिजांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणजे इतका वेळ आईला सगळं कळत होतं, बाईंचं पाठांतर, गरम पाणी, आणि माझा नमाज आणि माझा झराही. तिनं माझी भाषांतरं चहाबरोबर गिळली होती.

बाई म्हणाल्या की रविवारी स्वयंपाकवाल्या मावशींना सुट्टी असते, त्या दिवशी मुली पाळीपाळीनं भांडी करतात, आज हिची पाळी. चांगलं उत्तर होतं. पण आईला चांगली उत्तरं आयुष्यात पुष्कळ मिळाली होती. ती सरळ मोरीपाशी गेली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "हात दाखव, बाळ."

ती मुलगी गांगरली. तिनं हात झटकले, परकराला पुसले आणि पुढे केले. आईनं ते उलटे केले, तळवे उजेडाकडे धरले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखांच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या. वैद्यसुद्धा इतकं बघत नाही. मग ती अभ्यासाच्या खोलीत परत गेली आणि तिथल्या मुलींनाही म्हणाली, हात दाखवा. मुलींना वाटलं ही नखांची तपासणी. सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या, दोघीतिघींनी पटकन नखं दातांनी कुरतडली. आई एकेकीपुढे थांबत गेली. शाई होती. ईदची फिकी मेंदी होती. एकीला भाकरी भाजताना चटका बसलेला होता, तो ताजा होता आणि त्यावर पट्टी होती. एकीच्या तळव्यावर पेनानं गणिताची सूत्रं लिहिलेली होती. तिनं मूठ मिटायचा प्रयत्न केला, आईनं ती उघडली, आणि आईला वाचता येत नाही हे त्या बिचारीला कुठे माहीत.

चिरा कुणालाच नव्हत्या.

लाल्ला बाहिजा दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी आईला थांबवलं नाही, हसल्या नाहीत, का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत धरून ठेवला होता. एवढ्यासाठीसुद्धा मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

भांडीवाली मुलगी हात कोरडे करून आली होती. तिचं नाव इत्तो, पलीकडच्या खोऱ्यातली, तिसऱ्या वर्षाला. आईनं तिला विचारलं, तुला वाचता येतं का. इत्तो म्हणाली, येतं की. आई म्हणाली, मग वाच काहीतरी.

इत्तोनं हाताला येईल ते पुस्तक उघडलं. ते निघालं विज्ञानाचं, आणि पान निघालं गाय चारा कसा पचवते त्याचं. उभी राहून तिनं मोठ्या आवाजात वाचलं, गाईची चार पोटं, कुठल्या पोटात काय होतं, चारा परत तोंडात कसा येतो, सगळं. बाकीच्या मुली तोंड दाबून हसत होत्या. आई एका बाकावर बसली आणि तिनं ते सगळं ऐकलं, शाल मांडीवर घट्ट धरून. कुराण ऐकताना बसते तशी. पान संपलं तरी ती उठली नाही. म्हणाली, "अजून आहे का?"

"आहे," इत्तो म्हणाली, "पण पुढे शेण आहे."

"वाच," आई म्हणाली.

फाटकाशी निघताना लाल्ला बाहिजांनी आईचा हात हातात घेतला. आई त्यांना अरबीत म्हणाली, "माझी मुलगी स्वतःचं ताट स्वतः धुईल. तिची पाळी असेल तेव्हा सगळ्यांची धुईल. पाळी नसताना दुसऱ्या कुणाचा एक चमचासुद्धा नाही."

लाल्ला बाहिजा म्हणाल्या, "बहिणी, माझा शब्द."

परतीच्या व्हॅनमध्ये मी आईच्या खांद्याला टेकून बसले होते. मी विचारलं, तू आम्हाला कधी सांगितलं का नाहीस की तुला अरबी येते. सहा वर्षं मी शाळेत त्या भाषेशी झटापट करत होते. पहिलीत तर गुरुजी काय म्हणतात ते न कळून मी रोज रडायचे, आणि माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी ती भाषा गप्प बसून होती. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली की बोलले असते तर लोकांनी विचारलं असतं, कुठे शिकलीस.

आता राहिला माग. घरी पोचल्यावर मला वाटलं, अरे देवा, गालिचा तर अजून गुडघ्याएवढा आहे. पण आईनं शाल खुंटीला अडकवली, मागापुढे बसली आणि काळी लोकर मागितली. तूदा आत्या म्हणाली, काळी कशाला, मधली नक्षी पण झालेली नाही. काळी लोकर आमच्याकडे किनारीला लागते, शेवटच्या.

"किनार विणतेय," आई म्हणाली.

"वेड लागलंय का रुकय्या? अर्ध्यात कापलेला माग घराला चांगला नाही. तू काय हे मला नव्यानं सांगायला लावतेस?"

"अर्ध्यात कोण कापतंय? चारी बाजूंना किनार आली की गालिचा पुरा. लांबी किती ते कुठे सांगून ठेवलंय कुणी?"

तूदा आत्यानं गालिच्याकडे पाहिलं, वर लटकणाऱ्या त्या सगळ्या रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "गाढवाच्या पाठीवरही पुरायचा नाही हा." मग पदर खोचला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिघी मिळून आम्ही किनार विणली.

आणि ते दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवसांत आई माझ्याशी फक्त अरबीत बोलली. फणी दे, अरबीत. पाणी आण, अरबीत. तिची अरबी सगळी स्वयंपाकघराची होती: परात, कोथिंबीर, फडकं, आवर लवकर, दूध उतू गेलं. भाजीवाल्याशी भांडायची एक अख्खी शाखा तिला येत होती, आणि ती बोलताना तिचा चेहरा असा खुलायचा की तूदा आत्या, जिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तीही हसत सुटायची. मी चुकले की आई थांबवायची, पुन्हा म्हणायला लावायची. एकदा मी विचारलं, 'पृथ्वीची गती' कसं म्हणायचं. आईनं फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला एवढीच येते. ही घेऊन जा, बाकीची तिथे शीक."

शनिवारी गालिचा कापला. बाबांना घराबाहेर काढलं, ते अक्रोडाखाली चहाची किटली घेऊन बसले आणि दर थोड्या वेळानं ओरडून विचारत राहिले, झालं का. आईनं रिकाम्या दोऱ्यांवर पाणी शिंपडलं, घरातून जाणाऱ्या माणसाला देतात तसा निरोप दिला, आणि सुरी माझ्या हातात दिली. मी दोरे कापले. आत्यानं आमच्या सगळ्यांच्या वतीनं क्षमा मागितली, कुणाची ते तिलाच ठाऊक. मेंढ्यांनी दुसऱ्या दिवशीही दूध दिलं. मी मुद्दाम जाऊन बघितलं.

तो गालिचा आता माझ्या खाटेशी असतो. इतका आखूड आहे की मुली त्याला पायपुसणं म्हणतात. म्हणू देत. थंडीत उठून त्याच गाठींवर पाय ठेवायला सगळ्या माझ्याच खाटेकडे येतात.

सोमवारी आई मला सोडायला आली. रडली नाही. फक्त जाताना माझे दोन्ही तळहात हातात घेऊन जरा वेळ बघत राहिली, आणि दाबून परत केले, जणू माझी वस्तू मला सांभाळायला दिली.

त्या संध्याकाळी जेवायला मसूर होता. लांब टेबल, सगळ्या अनोळखी, सगळ्यांना एकमेकींच्या खोड्या माहीत, मला कुणाच्याच नाहीत. जेवण झालं तशी समोर बसलेल्या इत्तोनं आपलं ताट सरकवून माझ्या ताटावर ठेवलं. तिच्या शेजारणीनंही ठेवलं. आणि इत्तो गंभीर चेहऱ्यानं अरबीत म्हणाली, "पहिल्या दिवशी नवी मुलगी धुते. इथला रिवाज आहे."

ती थट्टा होती. आता मला ते माहीत आहे. दर वर्षी करतात, यंदा मीही केली. पण तेव्हा माझे कान तापले. मी लहान मुलगी, डोंगरातली, माझ्या पुस्तकी अरबीत फक्त शेतकरी शेतात जातो. गप्प बसावं, तीन ताटं काय, धुऊन टाकावीत, असं वाटलं. आणि मग माझ्या तोंडातून आईचा आवाज निघाला, भाजीवाल्याला सुनावायचा तो, कमरेवर हात ठेवून.

"माझं ताट मी धुईन. तुझं तू धू, बाई, तुला अल्लानं दोन हात दिलेत आणि दोन्ही मी पाहिलेले आहेत."

असा हशा पिकला की लाल्ला बाहिजा किल्ल्या वाजवत आल्या. मुली म्हणत होत्या, ही तर कासाब्लांकाच्या बाजारातली म्हातारी आहे. एकजण म्हणाली, अजून बोल, अजून बोल. इत्तोनं दोन्ही ताटं माझ्या ताटावरून उचलली आणि माझ्याबरोबर मोरीपर्यंत आली. नळ सुरू करून, बाह्या वर करत तिनं मला आमच्या भाषेत विचारलं, "ए, अशी अरबी तू शिकलीस कुठे?"

आणि मी सांगितलं. "माझ्या आईकडे."